जंगलातला तो लांब ट्रॅक नव्या गेममध्ये येईल का?

‘ताई, येणाऱ्या एका ड्रायव्हिंग सिमची (खऱ्या गाडीसारखा अनुभव देणाऱ्या गेमची) मी दोन वर्षांपासून वाट बघतोय. ट्रॅकची नावं एकेक करून जाहीर होत आहेत आणि दर वेळी जीव टांगणीला लागतो. मला हव्या असलेल्या ट्रॅकची यादी करायला बसलो, ती ४३ वर गेली. त्यातले ११ आतापर्यंत जाहीर झालेत. पण खरं सांगायचं तर मला एकच हवा आहे : जर्मनीतला जुना हॉकेनहाइम, जंगलातून जाणारा. लहानपणी दादा आणि मी एकाच कीबोर्डवर तो चालवायचो. एक लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, त्याचा, एक माझा. आता दादा दूर असतो. फोन होतो, पण “बरं आहे ना?” “हो, बरं आहे” यापलीकडे जात नाही. तो ट्रॅक आला तर आम्ही दोघं परत चालवू, असं मनात धरून बसलोय. काही मित्र म्हणतात, एवढी आशा लावून बसू नकोस. काही म्हणतात, आत्ताच प्री-ऑर्डर करून टाक. मी काय करू? आणि आशा करायचीच तर कशाची करू?’

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ४३ ची यादी मागे पडली आणि दादा तेवढा लक्षात राहिला. त्याच्याकडे येतेच, कारण तुम्हाला सगळ्यात अवघड वाटणाऱ्या त्या गोष्टीसाठी नवा गेम येईपर्यंत थांबायची गरजच नाही. पण आशा कशाची करू, असंही तुम्ही विचारलंय, आणि हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. गेली कित्येक वर्षं मी सिम चालवते आहे. तेव्हा आधी त्यावर बोलू द्या.

४३ ट्रॅक म्हणजे नेमके किती, याचा एकदा हिशोब करा. साधा चार-पाच किलोमीटरचा ट्रॅक अंगात मुरायला मला दीड-दोनशे लॅप लागतात. ब्रेक कुठे मारायचा हे डोक्याला विचारावं लागत नाही, पाय आपोआप जातो, तिथवर पोहोचायला तेवढे लागतातच. रोज तासभर बसलं तर एका ट्रॅकचा एक आठवडा धरा. म्हणजे ४३ ट्रॅकांचे दहा महिने, तेही एक दिवस न चुकवता. माझ्याकडच्या सिममध्ये आज पन्नासावर ट्रॅक आहेत. त्यातले नऊ मला येतात. बाकीचे नुसते आहेत.

म्हणून मी आकडा मोजणं सोडलं आणि डांबराकडे बघायला लागले.

हे कसं झालं ते सांगते. जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंगचा नॉर्डश्लाइफ मी पहिल्यांदा एका जुन्या गेममध्ये चालवला, साध्या कंट्रोलरवर. २०.८ किलोमीटरचा ट्रॅक, ७३ वळणं, सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या जागेत सुमारे ३०० मीटरचा फरक. महिनेच्या महिने घालून मी वळणं पाठ केली आणि समजत होते की ट्रॅक आपल्याला येतो. पुढे लेझर स्कॅनवरून बनवलेला तोच नॉर्डश्लाइफ स्टिअरिंग व्हीलवर चालवायला मिळाला. फुक्सरोरेच्या उतारावर नेहमीसारखी गाडी सोडली. उतार संपून चढ लागतो त्या खळग्यात गाडी खाली दाबली गेली, हातातलं स्टिअरिंग एकदम जड झालं, आणि पुढच्या क्षणी चढावर इतकं हलकं झालं की मी ते वाजवीपेक्षा जास्त वळवून बसले. गाडी गवतात. नंतर कारुसेल नावाचं वळण. डाव्या बाजूच्या खोलगट काँक्रीटमध्ये गाडी उतरवली तर प्रत्येक सांध्यावर मनगटाला हिसका बसत होता, आणि टेबलाला कसलेला क्लॅम्प सैल होऊन टेबल करकरायला लागलं. वळणं तीच होती, क्रमही तोच. पण पाठ होता तो नकाशा. रस्त्याशी माझी पहिली भेट त्या संध्याकाळी झाली.

फरक कुठून येतो हे समजलं की जाहिराती बघायची नजरच बदलते. आयरेसिंग नावाचं सिम २००८ मध्ये सुरू झालं ते लेझर स्कॅनचा आग्रह धरूनच. स्कॅनर ट्रॅकवर न्यायचा, रस्त्याचे आणि आजूबाजूचे कोट्यवधी बिंदू टिपायचे आणि त्या बिंदूंवरून रस्त्याचा पृष्ठभाग उभा करायचा. आज मनापासून सिम बनवणाऱ्यांत ही पद्धत रुळली आहे. त्याआधी सगळी भिस्त फोटो, नकाशे आणि चित्रीकरण यांवर असायची. नकाशात वळण दिसतं. रस्ता कुठल्या अंगाला कलला आहे, ब्रेक मारायच्या नेमक्या जागी उंचवटा कुठे आहे, वळणातून बाहेर पडताना बाहेरची कड किती खाली जाते, यातलं काही नकाशात दिसत नाही. गाडी मात्र त्याच गोष्टींवर घसरते किंवा टिकते.

म्हणून ट्रॅक जाहीर होतो तेव्हा दाखवतात ती हवाई दृश्यं सोडून द्या. सूर्यास्त, ढग, प्रेक्षकांची गर्दी, सगळं छान असतं, पण त्यातून काही कळत नाही. गाडीच्या आतून घेतलेला एक सलग लॅप कधी दाखवतात इकडे लक्ष ठेवा. दाखवला की त्याच ट्रॅकवरचा खऱ्या गाडीतला लॅप शेजारी लावून बघा. क्षितिज बघा. अमेरिकेतल्या लगुना सेका ट्रॅकवरचं कॉर्कस्क्रू हे जोडवळण घ्या. तिथे सुमारे १४० मीटरच्या अंतरात रस्ता १८ मीटर खाली जातो, म्हणजे पाच मजली इमारत उतरल्यासारखा. ब्रेक मारताना पुढचा रस्ता दिसतच नाही. दिसते ती टेकडीची कड आणि पलीकडची झाडं. ड्रायव्हर त्यातलंच एखादं झाड धरून त्याच्या रोखाने गाडी सोडतात, कारण दुसरं धरायला काही नसतं. सिम चांगलं असेल तर तिथे पोटात गोळा येतो. नसेल तर एक डावं वळण आणि मागोमाग एक उजवं, एवढंच उरतं.

तुमच्या यादीत माउंट पॅनोरामा असेलच. नसेल तर तीन-चार नावं कापून तो घाला. ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टचा हा ट्रॅक ६.२१३ किलोमीटरचा, आणि वर्षातले बहुतेक दिवस तो साधा सार्वजनिक रस्ता असतो. लोक त्यावरून ताशी ६० च्या मर्यादेत गाड्या नेतात. १७४ मीटर चढायचं आणि तेवढंच उतरायचं. डोंगरमाथ्यावरच्या स्कायलाइनपासून एसेसच्या नागमोडी वळणांमधून डिपर या वळणापर्यंतचा उतार म्हणजे दोन्ही बाजूंना भिंती, आणि गाडीचं वजन सतत पुढच्या चाकांवर. तिथे मी कितीदा भिंतीला घासले असेन याची मोजदाद नाही, तरी रात्री झोपायच्या आधी एक शेवटचा लॅप म्हणून मी तोच उघडते. डोंगरावर वेळ कमवायला गेलं की भिंत लागते. तिथे नुसतं गुमान उतरायचं आणि खाली कॉनरॉड स्ट्रेटला इंजिनाला मोकळं सोडायचं, हे कळायला मला दोन हिवाळे लागले.

आणि अमेरिकेतला सेब्रिंग. हा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी विमानतळावर उभा राहिलेला ट्रॅक. तिथली पहिली शर्यत १९५० च्या शेवटच्या दिवशी झाली, आणि धावपट्टीच्या काँक्रीटचे तुकडे आजही ट्रॅकचा भाग आहेत. शेवटच्या सतराव्या वळणावर गाडी अक्षरशः उड्या मारते. दिसायला सेब्रिंग सपाट, रुक्ष आहे. फोटोत बघून कुणी त्याच्या प्रेमात पडणार नाही. म्हणूनच तो माझ्यासाठी कसोटीचा दगड आहे. तिथे देखाव्याने झाकायला काही नसतं. ज्या सिममध्ये सेब्रिंगचे सांधे हातांना जाणवतात, त्यांनी बाकीचे ट्रॅकही मन लावून केले असणार, असं मी धरून चालते, आणि आजवर फसले नाही.

आणखी एक गोष्ट यादीत लिहा : साल. स्कॅन केलेला ट्रॅक म्हणजे त्या आठवड्यातला ट्रॅक. नेदरलँड्समधल्या झांडफूर्टची दोन वळणं २०२० मध्ये बाहेरच्या कडेने उचलून तिरकी केली, तिथून ट्रॅकचा स्वभावच बदलला. बेल्जियमच्या स्पामध्ये २०२२ साली रेडियों या चढावरच्या वळणाच्या आजूबाजूला मोठे बदल झाले, बाहेर पडणाऱ्या गाड्यांसाठी खडी आली. लगुना सेकाचं डांबर २०२३ मध्ये नव्याने घातलं. नुसतं ‘झांडफूर्ट हवा’ म्हटलं तर कुठला झांडफूर्ट, हा प्रश्न उरतोच. मला जुना आणि नवा दोन्ही आवडतात, पण ते दोन वेगळे ट्रॅक आहेत.

तुमच्या ११ जुळलेल्या नावांविषयी बोलते. त्यात स्पा, मोंझा, सुझुका, सिल्व्हरस्टोन यांतली निम्मी तरी असतील अशी माझी खात्री आहे. ते बहुतेक सिममध्ये असतात. ट्रॅकचं नाव आणि रूप वापरायला त्याच्या मालकांशी करार करावा लागतो, मग स्कॅन, मग माणसांचे कित्येक महिने. एवढा खर्च करायचा तर सगळ्यांच्या ओळखीचं नाव आधी, हे साहजिक आहे. त्यात वाईट काही नाही. सुझुका मला कुठल्याही सिममध्ये द्या, मी खूश आहे. १९६२ सालचा, आठाच्या आकड्यासारखा स्वतःलाच वरून ओलांडणारा ट्रॅक. पहिल्या सेक्टरमधल्या नागमोडी वळणांत एक चुकलं की पुढची चारही चुकतात. पण हे ट्रॅक तुम्ही न मागताही येतील. आशेची ताकद खर्च करायची ती न येणाऱ्यांवर.

माझं मत विचाराल तर ती छोट्या ट्रॅकांवर करा. इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅचचा इंडी लेआउट, म्हणजे त्याचा छोटा मार्ग, जेमतेम १.९ किलोमीटरचा आहे. चांगल्या गाडीत लॅप पाऊण मिनिटाच्या आसपास होतो, म्हणजे तासाभरात सत्तरच्या वर लॅप. पॅडॉक हिल बेंडला तासाभरात सत्तर वेळा जायचं! ते उजवं वळण चढाच्या टोकावर सुरू होतं आणि वळता वळता पायाखालून जमीन काढून घेतल्यासारखं खाली जातं. पहिल्या दहा लॅपमध्ये तुम्ही घाबरून लवकर ब्रेक मारता. चाळिसाव्या लॅपला लक्षात येतं की उताराच्या तळाशी गाडी खाली दाबली जाते आणि तिथे पकड वाढते, म्हणून वळणात शिरेपर्यंत धीर धरला की पुढचं उतरणच काम करून देतं. हे शिकायला नॉर्डश्लाइफवर वर्ष गेलं असतं, कारण एकच वळण दर सात-आठ मिनिटांनी एकदा येतं. माझं ब्रेक मारणं जे काही सुधारलं, ते असल्या छोट्या ट्रॅकांवर. पण त्यांच्यासाठी कुणी हट्ट धरत नाही, त्यामुळे ते यादीत शेवटी राहतात.

काल्पनिक ट्रॅक तुमच्या ४३ मध्ये आहेत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असू द्या. त्यांना कमी लेखणारे पुष्कळ भेटतात, मला ते पटत नाही. १९९७ सालच्या पहिल्या ग्रान टुरिस्मो या गेममधले ट्रायल माउंटन, डीप फॉरेस्ट आणि ग्रँड व्हॅली जमिनीवर कधीच नव्हते, तरी लाखो लोकांनी गाडीचं वजन सावरायला तिथेच शिकून घेतलं. ग्रान टुरिस्मो ७ मध्ये ट्रायल माउंटन परत आला तेव्हा त्याची मागची सरळ वाट लांबवलेली होती, आणि जुने खेळाडू हळहळले. नसलेल्या रस्त्याची लांबी बदलली म्हणून माणसं हळहळतात, यावरून तो रस्ता त्यांच्या किती आत गेला होता ते कळतं.

आता प्री-ऑर्डर. नका करू. डिजिटल गेम दुकानातून संपत नाही, तो पहिल्या दिवशीही मिळतो आणि सहा महिन्यांनीही. मी एकदा एका गेमसाठी आधी पैसे भरले ते एकाच ट्रॅकच्या ओढीने. ट्रॅक आला, पण रस्ता पत्र्यासारखा गुळगुळीत. पैशांपेक्षा जास्त वाईट वाटलं ते त्या ट्रॅकचं. पहिल्या आठवड्यात लोक चालवतील, आतून घेतलेले लॅप बघायला मिळतील, मग ठरवा.

त्याचबरोबर, पहिल्या दिवसाची यादी ही शेवटची यादी नसते, हेही मनाला सांगून ठेवा. २०२३ च्या ऑक्टोबरात फोर्झा मोटरस्पोर्ट नॉर्डश्लाइफशिवाय आला आणि लोकांनी केवढा गहजब केला. पुढच्या फेब्रुवारीत तो ट्रॅक मिळाला. ग्रान टुरिस्मो ७ मध्ये ग्रँड व्हॅली जवळपास वर्षभराने आला. असेटो कोर्सा इव्हो जानेवारी २०२५ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे काम पुरं व्हायच्या आधीच, उघडला तो पाचच ट्रॅक घेऊन : लगुना सेका, ब्रँड्स हॅच, इमोला, माउंट पॅनोरामा आणि सुझुका. मी ते पाच बघितले आणि मला वाटलं, निवडणाऱ्याला चढ-उतारांची आवड आहे. मला तेवढ्यावर वर्षभर सहज काढता येईल.

आता हॉकेनहाइम.

तुम्ही जो सांगताय तो सुमारे ६.८ किलोमीटरचा. फॉर्म्युला वन त्यावर शेवटचं २००१ मध्ये धावलं. २००२ साली ट्रॅक कापून ४.५७४ किलोमीटरचा केला. जंगलातलं डांबर उखडलं आणि तिथे झाडं लावली. म्हणजे आज कुणी तिथे स्कॅनर घेऊन गेलं तर त्याला झाडंच दिसतील. इतका वेळ मी स्कॅनचं माहात्म्य सांगितलं, ते इथे लागू पडत नाही. तुमच्या येणाऱ्या सिमचे लोक ‘आम्ही फक्त स्कॅन केलेलेच ट्रॅक देतो’ असं म्हणणारे असतील, तर जुना हॉकेनहाइम त्यांच्याकडून येणार नाही असं समजा. नवा येईल, आणि यादीत ‘हॉकेनहाइम’ हे नाव वाचून तुमच्या छातीत धस्स होईल. त्या क्षणासाठी आधीच तयार राहा.

पण स्कॅन नाही म्हणून ट्रॅक खोटा ठरत नाही. १९९८ मध्ये ग्रँड प्रिक्स लेजंड्स नावाचा सिम आला होता. त्यात १९६७ चा हंगाम होता, १४ किलोमीटरचा जुना स्पा होता. सार्वजनिक रस्त्यांवरून, घरांच्या कडेने जाणारा तो स्पा तेव्हाही शर्यतींसाठी कधीच बंद झाला होता. स्कॅन नव्हता, तरी तो चालवलेली माणसं आजही मास्टा किंकचं नाव काढलं की हात पुढे करून स्टिअरिंग धरल्यासारखं करतात. तो सिम बनवणाऱ्या पॅपिरसच्या संस्थापकांपैकी डेव्ह केमर यांनीच पुढे आयरेसिंग उभं केलं. स्कॅन न करता केलेला स्पा आणि मिलिमीटर मोजणारा स्कॅन, दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस आहे. रस्ता गेलेला असेल तर तो जपायला जुनी छायाचित्रं, मोजमापं आणि कुणाची तरी चिकाटी एवढंच हाती उरतं. चिकाटी असली की पुरतं.

आणि जुन्या हॉकेनहाइमच्या बाबतीत ती चिकाटी कुणीतरी आधीच दाखवली आहे. ऑटोमोबिलिस्टा २ मध्ये तो आहे. ब्राझीलच्या राइझा स्टुडिओजचा हा २०२० मधला सिम आहे. त्यात हॉकेनहाइमची जुनी रूपं सालांनिशी दिली आहेत, आणि २००१ चंही आहे. हॉकेनहाइमचा भाग मूळ गेमखेरीज वेगळा घ्यावा लागतो, एवढं लक्षात ठेवा. मी तो चालवला आहे. पहिल्या वळणातून बाहेर पडल्यावर झाडं दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि इंजिनाचा आवाज त्यांच्यावर आपटून परत येतो. मग नुसतं पूर्ण थ्रॉटल. इतकं सरळ असल्यामुळे गाडीला रस्त्यावर दाबून धरणारे पण वेग खाणारे पंख कमीत कमी ठेवावे लागतात. म्हणून मग जंगलातून बाहेर येऊन स्टेडियमच्या भागात शिरलं की त्याच गाडीला पकड पुरत नाही आणि ती बर्फावर असल्यासारखी सरकते. हा एकच ट्रॅक दोन वेगळ्या गाड्या मागतो आणि तुमच्याकडे एकच असते. तुम्हाला लहानपणी कीबोर्डवर स्टेडियममध्ये गाडी फिरायची ना? त्याचं कारण बऱ्याच अंशी हेच असणार.

नव्या सिमच्या लोकांना तुम्ही काही लिहिणार असाल, तर ४३ नावं पाठवू नका. एक पानभर लिहा, फक्त या ट्रॅकबद्दल. साल लिहा, लेआउट लिहा, आणि एक मागणी आवर्जून घाला : ट्रॅकच्या एका भागात पाऊस आणि दुसऱ्या भागात कोरडं, असं हवामान. २००० सालची तिथली शर्यत आठवते का? फेरारीचा बॅरिकेलो अठराव्या जागेवरून सुटला होता. शेवटच्या काही लॅपमध्ये स्टेडियमवर पाऊस कोसळत होता आणि जंगलातला रस्ता बराचसा कोरडा होता. बाकीचे बहुतेक ओल्या रस्त्याचे टायर घालायला पिटमध्ये गेले, हा कोरड्याच टायरवर राहिला. स्टेडियममध्ये जपून, जंगलात सुसाट. त्याचा तो पहिला विजय. ज्या सिममध्ये पाऊस पडला की संपूर्ण ट्रॅकवर सारखाच पडतो, त्यात ही शर्यत होऊच शकत नाही. लांब ट्रॅक मागताना त्याचं आभाळही मागायचं, असं मला वाटतं. नॉर्डश्लाइफलाही हेच लागू आहे.

राहिला दादा.

गेम येईल, ट्रॅक येईल, मग दादाला सांगू, असा क्रम तुम्ही मनात लावून ठेवला आहे. तो उलटा करा. आज त्याला फोन करा आणि ‘बरं आहे ना’ च्या आधीच जुन्या हॉकेनहाइमचं नाव काढा. तो कामात बुडालेला असेल, त्याच्याकडे स्टिअरिंग व्हील नसेल, गेम चालेल असा पीसीही नसेल. चालेल. तुमच्या पीसीवर तुम्ही लॅप चालवा आणि स्क्रीन त्याला दाखवा. तो बाजूला बसून ओरडायचा तसाच ओरडेल. त्याला सोय असेल तर दोघं घ्या, पण शर्यत लावू नका सुरुवातीला. तुम्ही दोघांनी कधी एकमेकांविरुद्ध चालवलंच नव्हतं. एक लॅप त्याचा, एक तुमचा, आणि दुसरा बघतोय, असा तुमचा खेळ होता. तसाच ठेवा. वेळ ठरवून घ्या, आठवड्यातला एकच दिवस, अर्धाच तास, म्हणजे मोडणार नाही.

एक सावधगिरीची गोष्ट. पहिल्या लॅपला तुम्हाला ट्रॅक चुकीचा वाटण्याची शक्यता आहे. झाडं इतकी जवळ नव्हती, शिकेन (वेग कमी करायला घातलेली वळणांची जोडी) इतका आवळ नव्हता, असं वाटेल. तुमच्या आठवणीतला ट्रॅक तेव्हाच्या छोट्या पडद्यावरचा आहे, ठोकळ्यांसारख्या झाडांचा. लगेच बंद करू नका. मला जुन्या ट्रॅकांच्या बाबतीत हे दर वेळी होतं आणि साधारण विसाव्या लॅपच्या आसपास दोन्ही चित्रं एकमेकांवर बसतात. मग कुठलं कुठलं, ते वेगळं काढता येत नाही.

आणि दादाला एक प्रश्न माझ्याकडून विचारा. जंगलाच्या पार टोकाला, ऑस्टकुर्वला, शिकेन आहे. तिथे पूर्वी नुसतं वेगवान उजवं वळण होतं. १९८० साली गाडीची चाचणी घेताना फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर पॅट्रिक देपायेचा तिथे मृत्यू झाला आणि १९८२ पासून शिकेन आला. त्या लांबलचक सरळ वाटेच्या शेवटी, आजूबाजूला सगळं एकसारखं हिरवं असताना, तो ब्रेक कशावरून मारायचा? पाटी बघून, एखादं झाड धरून, की मनातल्या मनात आकडे मोजून? तो काय म्हणाला ते मला लिहून कळवा.